उभ्या गाडीचे दोन अँपिअर

माझ्या बहिणीने ज्या माणसाशी लग्न केलं, तो चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून काचा घासतो आणि उरलेल्या वेळात जगाच्या चुका काढतो. काचा घासणं पोटासाठी, चुका काढणं हौसेखातर. नात्याने हा माणूस माझा भावोजी लागतो, त्यामुळे इथून पुढे मी अहो-जाहो करणार आहे. ते मनापासून आहे असं कुणी समजू नये.

भावोजींच्या घरात अंदाज नावाच्या गोष्टीला थारा नाही. भाजीत मीठ पडतं ते त्यांच्या छोट्या तराजूवर चढून उतरल्यावरच. कपाटं पाणसळ लावून उभी केलेली आहेत. माझ्या घरी आले की चप्पल काढायच्या आधी ते भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करतात आणि मग जणू उपकार केल्यासारखे खुर्चीत बसतात. मी मोटार ड्रायव्हिंग शिकवते. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसल्यावर संध्याकाळी मला घरात थोडा गबाळेपणा लागतो. मी ते कॅलेंडर त्यांच्यादेखत पुन्हा वाकडं करते.

ताईने या माणसाबरोबर संसार कसा केला, हे मला अजून उलगडलेलं नाही. एकदा विचारलं तर म्हणाली, "अगं, त्यांची सवय होते. आणि चष्मा काय सुंदर बसवून देतात." एवढ्यावर तिचं भागलं.

तर या भावोजींचा एक क्लब आहे. चांगले बाप्ये आणि बाया, घरदार असलेली माणसं, सुट्टीच्या दिवशी एका बंद पडलेल्या फर्निचरच्या शोरूमच्या तळमजल्यावर जमतात आणि रिमोटवर चालणाऱ्या हातभर लांबीच्या गाड्या पळवतात. खाली जुना गालिचा, त्यावर पट्ट्या ठोकून आखलेली वेडीवाकडी वाट, आणि भिंतीवर अजूनही एका सोफ्याची जाहिरात. गाड्या विजेवर चालतात. आवाज फारसा नाही, पण माणसं मात्र इंजिन असल्यासारखी घुरघुरत असतात.

त्यांची सगळ्यात मानाची शर्यत म्हणजे 'तीसची'. हिच्यात सगळ्यांना एकाच जातीची स्वस्तातली मोटर आणि एकसारखी बॅटरी लावावी लागते, आणि गाडीने बॅटरीतून तीस अँपिअरपेक्षा जास्त करंट ओढायचा नाही. करंट अँपिअरमध्ये मोजतात एवढं मला माहीत आहे. याहून जास्त कुणी विचारू नये, भावोजींना तर मुळीच विचारू नये, कारण ते सांगतात.

आता कुणी किती ओढला हे कळायचं कसं? त्यासाठी प्रत्येक गाडीत काडेपेटीएवढी एक डबी बसवतात. बॅटरीची तार हिच्यात एका बाजूने शिरते, दुसऱ्या बाजूने निघून मोटरकडे जाते, आणि जाता जाता किती करंट गेला याची डबी आत नोंद करत राहते. तिचं खरं नाव लॉगर. क्लबात तिला सगळे चुगलखोर म्हणतात. शर्यत संपली की चुगलखोर काढायचा, लॅपटॉपला लावायचा आणि सगळ्यात वरचा आकडा बघायचा. तीसच्या आत असेल तर गाडी पास. वर गेला तर बाद.

हा आकडा बघण्याचं काम भावोजींचं. म्हणजे ते काम त्यांना कुणी दिलं असं नाही. त्यांनी ते घेतलं आणि परत दिलं नाही. क्लबात त्यांना 'काटा' म्हणतात. तोंडावरही म्हणतात, आणि त्यांना ते आवडतं.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर यांचा सोहळा चालायचा. सगळे चुगलखोर रांगेत मांडायचे, एकेकाला बॅटरी जोडायची, बारीकसं बटण दाबून त्याचं शून्य करायचं. मग माझ्या शिकवणीच्या गाड्यांतून निघालेले हेडलाइटचे बल्ब त्याला जोडायचे. एक बल्ब किती ओढतो ते यांनी आधीच चोख मोजून ठेवलेलं: एकाला तीन, दहांना तीस. दहा बल्ब पेटले की टेबलावर असा उजेड पडायचा की ताई पाठ करून जेवायची. आकडा बरोबर आला की भावोजी ताईच्या नेलपॉलिशचा एक थेंब त्या बटणावर ठेवायचे. लाल, गोल, मधोमध. हे त्यांचं सील. आता त्या बटणाला शर्यत होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. स्वतः ताईनेही ते नेलपॉलिश नखांना लावायचं नाही, कारण ते कामाचं होतं.

डबी गाडीत कुठे बसवायची याचाही नियम यांचाच. मोटरच्या अगदी पाठीला चिकटून. का, तर गाडीच्या टपाला मागे छोटीशी खिडकी असते, आणि तिथून टप न काढता लाल थेंब दिसतो. या शोधाचा त्यांना केवढा अभिमान. मला तो त्यांनी तीन वेगवेगळ्या प्रसंगी सांगितला आहे, त्यातला एक माझ्या सासऱ्यांना भेटायला दवाखान्यात आले होते तेव्हाचा.

आता त्यांच्या मुलीकडे येते, कारण ही सगळी गोष्ट तिच्यासाठीच सांगते आहे. माझी भाची. लहानपणापासून अंगाने बारीक आणि बोलायला टोचरी, म्हणून घरात तिला टाचणी म्हणतात. ती मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करते आणि डावरी आहे. लहान असताना भावोजी तिच्या डाव्या हातातला चमचा काढून उजव्यात द्यायचे. ती तो परत डाव्यात घ्यायची. हे दोघं एक अक्षर न बोलता अख्खं जेवण असे काढायचे. शेवटी ताईच एक दिवस उठली आणि म्हणाली, "अहो, चमचा तोंडात जातोय ना? मग झालं." त्या घरात भावोजींनी हार खाल्ल्याची ही एकच नोंद.

टाचणीने तीसच्या शर्यतीसाठी स्वतः गाडी बांधली. बाकीच्यांनी आपापल्या गाड्या क्लबातल्या नमुन्याच्या गाडीवरून बांधलेल्या. तो नमुना भावोजींचा. त्यात बॅटरीची तार डाव्या अंगाने येते. टाचणी तारांना डाग देणार, म्हणजे सोल्डर करणार, ती डाव्या हाताने; तिला ती मांडणी आडवी यायची. तिने सगळं उलटं घेतलं, आरशात बघावं तसं. चुगलखोरही फिरवून बसवला. त्याच्यावर एक बाण असतो. तो बॅटरीकडून मोटरकडे असावा एवढाच नियम, आणि तो तिने पाळला होता. फक्त सगळ्यांचे बाण उजवीकडे बघत होते आणि हिचा डावीकडे. भावोजींनी गाडी तपासली, बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "नियमात बसतं." त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे कौतुकच झालं.

वर्षाच्या शेवटच्या शर्यतीला मी गेले होते. क्लबाचा अध्यक्ष एक दातांचा डॉक्टर आहे. कायम हसतो; दात स्वतःचेच असावेत. दर वर्षी तोच जिंकायचा. त्या दिवशी शेवटच्या वळणावर टाचणीने त्याला असं आतल्या बाजूने मागे टाकलं की मी माझ्या शिकवणीच्या सगळ्या नियमांविरुद्ध शिट्टी मारली. गाडी पहिली आली. पोरीने रिमोट खाली ठेवला आणि बापाकडे बघितलं. बाप लॅपटॉपकडे बघत होता.

मग भावोजींनी भोंग्याचा माईक घेतला. क्लबात निकाल भोंग्यावरच सांगतात, कारण त्या तळमजल्यात आवाज घुमतो आणि सगळ्यांना आपण मोठे झाल्यासारखं वाटतं. "एकतीस पूर्णांक दोन," भावोजी म्हणाले. "मर्यादेबाहेर. पहिल्या नंबरची गाडी बाद."

टाचणी टेबलाशी गेली. "बाबा, परत बघा. मी मोटरला करंट सोडणारा कंट्रोलर एकोणतीसलाच बांधलाय. त्याच्यावर जाऊच शकत नाही."

"आकडा समोर आहे."

"आकडा चुकीचा आहे."

"काल रात्री मी स्वतः तपासलाय," भावोजी म्हणाले, आणि माईक अजून चालू होता, त्यामुळे ते सगळ्या तळमजल्याने ऐकलं.

दंतवैद्य जवळच उभा होता. हसत हसत म्हणाला, "जाऊ द्या हो. तरुण रक्त आहे. आणि सीलची बाटली काय, घरचीच." दोन-चार जण हसले. हे बोलणं भावोजींनी ऐकलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, ऐकलं. आणि लॅपटॉप बंद करून ते तारा गुंडाळायला लागले.

माझा त्यांच्यावरचा राग नेहमी नाकाच्या शेंड्यावर असतो, पण तो गमतीचा असतो. त्या दिवशीचा गमतीचा नव्हता.

बाद होणं एक वेळ चाललं असतं. बक्षीस काय, चार बोटांचा पत्र्याचा चषक, तोही पुढच्या बैठकीत मिळायचा होता. पण क्लबात बोभाटा झाला की काट्याच्या पोरीने घरातल्या बाटलीने सील उघडून परत लावलं, आणि तरी पकडली गेली. तिच्या दुकानात मोबाइल घेऊन आलेला एक मेंबर तिला म्हणाला, माझ्या फोनमधलं काही बदलू नकोस हं. तिने फोन दुरुस्त करून दिला. मग घरी येऊन गाडी खोक्यात घातली, खोकं पलंगाखाली सारलं आणि बापाशी बोलणं बंद केलं. त्या घरात आधीच बोलणं कमी. त्यातलं निम्मं गेलं.

ताईने मला फोन केला. "तू ये. तुला ओरडता येतं." मी गेले.

भावोजी टेबलाशी बसले होते. समोर दहा बल्ब आणि एकच चुगलखोर, टाचणीचा.

"भावोजी," मी म्हटलं, "लोक काय बोलतायत ते येतंय का कानावर?"

"लोकांच्या बोलण्याला माप नसतं."

"तिने सील उघडलं म्हणतायत."

"सील शाबूत होतं. मी बघितलं होतं."

"मग ते सांगितलं का नाहीत?"

भावोजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कुणी विचारलं नाही," ते म्हणाले.

यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ताई स्वयंपाकघरातून "अगं, अगं" करत राहिली. भावोजींनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे दहा बल्ब पेटवले. डबीच्या छोट्या पडद्यावर तीस. पाच विझवले, पंधरा. सगळे विझवले, शून्य. "तू बस ओरडत," ते म्हणाले. "हे बघ. याच्यात चूक नाही. मी सकाळपासून करतोय." आणि तेव्हा मला दिसलं की हा माणूस सकाळपासून दुकानात न जाता तेच ते करत बसला आहे. आकडा चुकावा म्हणून वाट बघत होता, आणि आकडा चुकत नव्हता. मला त्यांची दया आली. मला त्यांची दया येत नसते, त्यामुळे ती ओळखायलाही वेळ लागला.

ताई ताटं घेऊन आली. "आता टेबल रिकामं करा. मला पाठ करून जेवायचा कंटाळा आलाय."

मी आवरायला घेतलं. टाचणीची गाडी त्यांनी पलंगाखालून काढून आणली होती, तिला न विचारता. सगळं एका फेरीत न्यावं म्हणून मी ती डबी, बॅटरीसकट, उचलून गाडीत तिच्या जागेवर खोचली.

"थांब," भावोजी म्हणाले.

मला वाटलं मी काहीतरी मोडलं. "काय केलं मी?"

"काढ ती. आता परत घाल."

मी काढली, परत घातली. ते वाकून पडद्याकडे बघत होते. मीही बघितलं. डबी बाहेर असली की शून्य. गाडीत, मोटरच्या पाठीला लावली की दोन. मोटरची तार सुटी लोंबत होती; बल्ब विझलेले. काहीही चालू नव्हतं.

"ही उभी आहे ना?" मी म्हटलं. "मग ओढतेय काय, विडी?"

भावोजी पडद्यापाशी आणखी वाकले. त्यांनी डबी काढली, उलटी फिरवली, बाण उजवीकडे, बाकी सगळ्यांच्या गाड्यांत असतो तसा. मोटरच्या पाठीला लावली. शून्य. तरी त्यांचं समाधान होईना. त्यांनी एक बल्ब जोडला, तीन ओढणारा. पडद्यावर एक आला. ते उठून उभे राहिले, मग बसले. "शून्याच्या खालचं हा दाखवत नाही," ते म्हणाले. "शून्यावर गप्प बसून राहतो. म्हणून कधी कळलं नाही."

मग त्यांनी मला समजावलं, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचं पूर्ण ऐकलं. मोटरच्या आत चुंबक असतं. डबी करंट ओळखते तीही चुंबकाच्याच जोरावर. तारेभोवती जो जोर तयार होतो तो ती मोजते. तिला मोटरला चिकटवून बसवलं की मोटरच्या चुंबकाचा जोरही तिच्या हिशेबात मिसळतो. बाण एकीकडे असला तर दोन वाढतात, दुसरीकडे असला तर दोन कमी होतात. शून्य करायचं होतं ते डबी गाडीत बसवल्यावर. ते यांनी केलं जेवणाच्या टेबलावर, मोटरपासून लांब, कुणाला मध्ये हात घालता येऊ नये म्हणून. आणि वर लाल थेंबाने ते पक्कं करून टाकलं.

"म्हणजे तिची गाडी एकोणतीसच ओढत होती," ताई म्हणाली. ती ताटं हातात घेऊन तशीच उभी होती.

"हो."

"आणि बाकीच्यांच्या?"

भावोजींनी टेबलाकडे बघितलं. "सगळ्यांना मी दोन-दोन सूट देत आलोय," ते म्हणाले. "पहिल्यापासून."

त्या रात्री भाजीत वरून मीठ घालताना त्यांनी ते मोजलं नाही. भाजी खारट झाली आणि सगळ्यांनी ती तशीच खाल्ली.

जेवण झाल्यावर ते टाचणीच्या खोलीच्या दाराशी गेले. दार बंद. त्यांनी बाहेर उभं राहून चुंबकापासून सुरुवात केली. ताई मला खुणा करत होती की यांना कुणीतरी थांबवा. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला.

"बाबा, मुद्द्याचं बोला."

"तुझी गाडी बरोबर होती."

"ते मला माहितीये."

"मग... मी तुला सांगायला आलो."

"मला काय सांगताय? तुम्ही भोंग्यावर बोलला होतात. भोंग्यावर सांगा."

भावोजी परत टेबलाशी येऊन बसले. मला वाटलं झालं, आता उद्या हे जातील आणि सांगतील, सोपी गोष्ट. पण ते म्हणाले, "बाप मुलीला वाचवायला आला असंच म्हणतील. आणि मग मागचे सगळे निकाल काढतील. बरोबरच आहे त्यांचं." मग म्हणाले, "मला तिथे कोणी गाडी चालवणारा म्हणून ओळखत नाही. मला चालवताच येत नाही. मी तिथे काटा आहे फक्त." हे त्यांनी मला सांगितलं, ताईला नाही, बहुधा मी सहानुभूती दाखवणार नाही या खात्रीने. मी दाखवलीही नाही. मी म्हटलं, "मग काटा दाखवतो तसं बोला." आणि रिक्षात बसल्यावर रडले. रिक्षावाल्याने आरसा फिरवला.

पुढच्या बैठकीला चषक द्यायचे होते. टाचणी यायला तयार नव्हती. मी तिला अर्ध्या वाटेपर्यंत खोटं सांगून आणलं, उरलेल्या अर्ध्या वाटेत तिच्या शिव्या खाल्ल्या. ती मागे सोफ्याच्या जाहिरातीखाली हाताची घडी घालून उभी राहिली.

दंतवैद्याने हात चषकाकडे नेला एवढ्यात भावोजींनी माईक घेतला. त्यांनी बोलायचं पाठ केलं होतं. ताई म्हणाली होती, दोन दिवस न्हाणीघरातून आवाज येतोय. पण पाठ केलेलं सगळं चुंबकाबद्दलच होतं. तारेभोवतीचा जोर झाला, मोटरमधलं चुंबक झालं, डबीतला तो जोर ओळखणारा तुकडा झाला. माणसं पाय बदलायला लागली. एकजण बाहेर जाऊन सिगरेट ओढून परत आला आणि भावोजी अजून उत्तर-दक्षिण ध्रुवांतच होते.

"थोडक्यात काय, साहेब?" दंतवैद्य म्हणाला. "मुलीचा निकाल फिरवायचाय का?"

कुणीतरी खुदकन हसलं. भावोजींचे कान लाल झाले. मला वाटलं आता हे तारा गुंडाळणार.

"तुमची गाडी इथे ठेवा," ते म्हणाले. "मी हात लावणार नाही. तुम्हीच करा."

दंतवैद्याने गाडी टेबलावर ठेवली. त्याला नाही म्हणता येईना, सगळे बघत होते. भावोजींनी सांगितलं तसं त्याने मोटरची तार स्वतःच्या हाताने सोडली, बॅटरी जोडली. "गाडी उभी आहे?" "उभी आहे." "किती दाखवतोय?" "शून्य. बरोबर आहे की." "आता डबी काढा. फिरवा. माझ्या मुलीने लावली होती तशी लावा."

दंतवैद्याने फिरवून लावली. मग तो हसायचा थांबला. खरंच थांबला, त्याचं तोंड मिटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"मोठ्याने सांगा," भावोजी म्हणाले, आणि माईक त्याच्या तोंडाशी धरला.

"दोन," भोंग्यातून आवाज आला.

मग सगळेच आपापल्या गाड्या घेऊन टेबलाभोवती जमले. जो तो डबी फिरवतोय आणि जो तो उभ्या गाडीत दोन अँपिअर बघतोय. आपण सगळेच इतके दिवस नियम मोडत होतो, हे कळल्यावर माणसं खजील होतील असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. ती भलतीच खूश झाली. एक बाई तर म्हणाली, तरीच माझी गाडी एवढी पळते.

या गोंधळात भावोजी माईक धरून उभेच होते. टाचणी मागे तशीच, घडी घातलेली. त्यांनी घसा साफ केला. भोंग्यात तो केवढ्याने तरी वाजला आणि सगळे वळले.

"त्या दिवशी मी या माईकवर म्हणालो, तिची गाडी बाद," ते म्हणाले. "ती बाद नव्हती. सील कुणी उघडलं नव्हतं. मी तेव्हाच बघितलं होतं आणि बोललो नाही. डबी कुठे बसवायची हे मी ठरवलं, शून्य कुठे करायचं हे मी ठरवलं. चूक माझी आहे." मग म्हणाले, "मी चुकलो." आणि त्यांनी माईक खाली केला.

"मग तिची गाडी नेमके किती ओढत होती?" कुणीतरी विचारलं.

एरवी या माणसाने दशांशाच्या दोन घरांपर्यंत उत्तर दिलं असतं. "एकोणतीसच्या आसपास," भावोजी म्हणाले. "आसपास म्हणजे किती, ते मला ठाऊक नाही. तुमच्या मागच्या निकालांचंही मला सांगता येणार नाही. हे काम दुसऱ्या कुणाकडे द्या." आणि खिशातून नेलपॉलिशची बाटली काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

दंतवैद्याने चषक उचलला, दोन क्षण हातात तोलला, आणि मागे जाऊन टाचणीला दिला. माणूस तितका वाईट नाही. तिने तो मला दिला, जणू पिशवी धर म्हणावं तसा, आणि सरळ टेबलाकडे गेली.

बापाने घरून आणून टेबलावर ठेवलेली स्वतःची गाडी तिने घेतली. डबी होती तशीच, आपल्या हाताला सोयीची, बाण डावीकडे. मोटरच्या पाठीला पक्की बसवली. बॅटरी जोडली. पडद्यावर दोन. मग पिनेच्या टोकाने तिने जुना लाल थेंब खरवडून काढला आणि बटण दाबलं. शून्य. तिने डबी गाडीतून हलवलीही नव्हती.

"असं," ती म्हणाली. बापाकडे बघून म्हणाली, किती दिवसांनी. "आता सील करा."

भावोजींनी बाटली तिच्यापुढे सरकवली. "तू कर."

तिने डाव्या हाताने ब्रश काढला. मोबाइलचे केसाएवढे जोड लावणारी ही पोर, पण त्या दिवशी तिने ब्रश जरा जोरातच टेकवला. थेंब बटणाच्या एका अंगाला पडला आणि शेपूट काढून डबीच्या कडेवर गेला. वेडावाकडा, लांबट, डोळ्याला खुपणारा. मी भावोजींकडे बघितलं. त्यांनी तो बघितला. त्यांचा हात खिशाकडे गेला, तिथे त्यांचा रुमाल असतो, चष्म्याच्या काचा पुसायचा, सुताचा धागाही न सोडणारा. हात खिशापाशी थांबला. मग बाहेर आला, रिकामा, आणि तिच्या डोक्यावर गेला.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

मी हातातला चषक घट्ट धरला आणि सोफ्याच्या जाहिरातीकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे बघण्यासारखी माझी अवस्था नव्हती. पुढच्या आठवड्यात ते माझ्याकडे चहाला आले. मी मुद्दाम आधीच कॅलेंडर वाकडं करून ठेवलं होतं. त्यांनी चप्पल काढली, कॅलेंडरकडे बघितलं, आणि खुर्चीत बसले.